नव्वद सेकंद

बेळगाव सोडलं त्या दिवशी आमचे दोन्ही माग बंद होते. त्या दिवसातलं बाकी बरंच पुसट झालंय, पण ती शांतता अजून कानात आहे. वडगावातल्या विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला शांततेची धास्तीच असते. आमच्या पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग होते आणि त्यांच्यामागं उरलेल्या जागेत आम्ही चौघं राहायचो. सकाळी सहाला आप्पांनी हँडल ओढलं की जेवणाची पानं मांडेपर्यंत खडखडाट. त्या आवाजात आम्ही अभ्यास केला, भांडलो, तापानं फणफणून पडलो. माग चालू असताना गाढ झोप लागायची आणि थांबला की दचकून जाग यायची. वीज गेली की सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबायचे, त्याचं काही वाटायचं नाही. पण एकट्या आपल्याच घरातला माग भर दिवसा थांबला, तर कोणीतरी गेलंय किंवा कोणीतरी आलंय, एवढं लहान पोराला सुद्धा कळायचं.

त्या दिवशी मी चालले होते. इंजिनिअरिंग झालं होतं, बेंगळुरूच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीचं तिकीट होतं. आप्पांनी आधी एक माग थांबवला, मग दुसरा. केसांतली कापसाची पिंज झटकली, बनियनवर सदरा चढवला. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माझी बॅग उचलली आणि आईनं डबा. स्टेशनवर आई रडली. आप्पा मात्र सारखे प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळाकडं बघत होते. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर. दोन्ही माग बंद करून आलोय. जातो आता."

मला राग आला. पोरगी कायमची चाललीय आणि या माणसाला मागाची पडलीय, असं मनात म्हणत मी लोंढ्यापर्यंत तोंड फुगवून बसले. लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी आणि कोपऱ्यात आप्पांना आवडतं म्हणून त्यांच्या वाटणीचं ठेवलेलं लोणचं, तेही मलाच दिलेलं. मी ते खाल्लं आणि तरी राग धरून बसले. ते काय सांगत होते ते समजायला मला पंधरा वर्षं लागली. मी सावकाश समजणाऱ्यांतली आहे.

अण्णा दहावीनंतर मागावर बसला, म्हणून मी कॉलेजात बसले. इतकं सरळ होतं ते, आणि आमच्या घरात कोणी एकदाही ते तोंडानं बोललं नाही. तो माग चालवायला शिकत होता ते दिवस मला आठवतात. मी भिंतीला टेकून कांड्या भरत असे. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी, ती भरायचं काम बायकापोरांचं. एकदा उभा धागा तुटला तो अण्णाला दिसला नाही, किंवा दिसूनही त्यानं कंटाळा केला. वीतभर कापड पुढं गेलं. तुटलेल्या धाग्याच्या जागी कापडात एक बारीक रेघ उमटली होती, केसाएवढी. आप्पांनी माग थांबवला, त्याला ते वीतभर विणकाम पूर्ण उसवायला लावलं आणि म्हणाले, "धागा तुटल्यावर थांबत न्हाय त्यो विणकर न्हवं. नुसतं हँडल वढाय काय, कोण बी वढतंय." अण्णा सोळा वर्षांचा होता, डोळ्यांत पाणी घेऊन उसवत होता. नंतर त्याचा हात असा बसला की अख्ख्या गल्लीत कुणाचा अवघड धागा तुटला की हाक अण्णाला. तो आपला माग थांबवून जायचा. आमच्याकडं त्याला हात द्यायला जाणं म्हणतात, आणि हात द्यायला गेलेल्या माणसाचा माग बंद आहे म्हणून कोणी नावं ठेवत नाही.

बेंगळुरूच्या ऑफिसात पहिले सहा महिने मी गप्प होते. माझ्या कानडीला तिथं हसायचे, आमची कानडी म्हणे रांगडी. पुण्याच्या टीमशी मराठीत बोलले तर ते विचारायचे, "तुम्ही कर्नाटकातल्या ना? मराठी बरं येतं की तुम्हाला!" हे ऐकायची सवय सीमाभागातल्या माणसाला असतेच, दोन्हीकडचे लोक आपल्याला पाहुणा समजतात. तिसरी भाषा मात्र मी झटकन शिकले. स्प्रिंट, टिकिट, रिव्ह्यू, रिलीज. रोज सकाळी दहाला उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का. तिसऱ्या प्रश्नाला नेहमी "नाही" म्हणायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही, पण पहिल्याच आठवड्यात कळलं. अडलंय म्हटलं की सगळे आपल्याकडं बघतात.

मी वाईट प्रोग्रॅमर नाही. उलट बरी आहे असं माझं मत आहे, आणि ते सांगायला मी लाजत नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कामाचा दिवस म्हणजे ज्या दिवशी मी कोडच्या सहाशे ओळी खोडल्या तो. कोणीतरी घाईत एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहून ठेवली होती, ती मी एका जागी आणली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं विचारलं, "आणि बाकी काय केलंस?" आमच्या धंद्यात बंद केलेली टिकिटं, म्हणजे नोंदवून संपवलेली कामं, मोजतात. दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी तीन तास बसून त्याची अडचण सोडवली तर टिकिट त्याच्या नावावर बंद होतं. मी हे सगळं बघत होते, जेवणाच्या टेबलावर त्याला शिव्या घालत होते, आणि तरी पुढं जे केलं ते केलं.

शनिवारी दुपारी एक वाजता घरी फोन करायचा हा नियम मी पहिल्या आठवड्यापासून पाळला. फोन अण्णा उचलायचा. मागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून तो "थांब हं" म्हणायचा आणि मग एक आवाज बंद, दुसरा आवाज बंद. त्यानंतर अर्धा अर्धा तास आम्ही बोलायचो. गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कॅम्पातल्या बेकरीत आता पूर्वीसारखा पाव मिळत नाही, आप्पांचा खोकला. ते सगळं बोलणं दोन बंद मागांच्या मध्ये उभं राहून चाललंय, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

आप्पा खोकल्यातच गेले. त्यानंतर घरातल्या दोन मागांवर भागेना, ज्या साड्या आम्ही विणत होतो त्या कोणी मागेना. अण्णानं दोन्ही माग भंगारात दिले. मला नंतर सांगितलं. तो निपाणीच्या पलीकडं बोरगावला एका मोठ्या शेडमध्ये कामाला लागला, तिथंच खोली घेतली, पंधरा दिवसांतून एकदा आईकडं यायचा. साड्या सोडून साधं पांढरं कापड, आणि एका माणसाकडं चार माग. मी बेंगळुरूला गेले त्याचं गल्लीनं कौतुक केलं, पेढे वाटले. पन्नाशीकडं झुकलेला माणूस घर सोडून ऐंशी किलोमीटरवर पत्र्याच्या खोलीत राहायला गेला, त्याला कोणी काही म्हटलं नाही.

त्याच सुमारास मी कंपनी बदलली. नवी कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि तिला यंत्रमागाच्या शेडसाठी काहीतरी करायचं होतं. मागाला एक छोटी डबी बसवायची, माग चालू आहे की बंद हे तिनं कळवायचं, आणि मालकाला मोबाइलवर दिसायचं. शेडच्या दारात एक टीव्ही, त्यावर प्रत्येक कामगाराचं नाव, ज्याचे माग जास्त चालले तो वर. आमची प्रॉडक्ट मॅनेजर रितिका, दिल्लीकडची, हुशार, चुटकीसरशी निर्णय घेणारी. ती म्हणाली, सुजाता, हे तूच कर, तू त्या भागातली आहेस. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी माझा भाग ऑफिसच्या दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवत होते. आता तो कोणीतरी आत बोलावला होता.

आणि मी सुरुवात बरी केली होती, हे माझ्या बाजूनं सांगते. मी लिहिलं की माग थांबण्याची कारणं वेगवेगळी असतात. धागा तुटतो, कांडी संपते, उभ्या धाग्यांचा बीम बदलायचा असतो, वीज जाते, आणि विणकर दुसऱ्याला हात द्यायला गेलेला असतो. मागावर पाच बटणं असावीत, थांबवताना विणकरानं एक दाबावं. मीटिंगमध्ये रितिकानं विचारलं की पाच बटणांचा खर्च कोण करणार, आणि कामगार खरं कारण दाबतील कशावरून. मग म्हणाली, आपल्याला साधं काहीतरी हवं, बघताक्षणी कळणारं. हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. साधं असावं हे तर मलाही पटत होतं, मीच दहा वर्षं सगळ्यांना ते सांगत आले होते. वीज गेल्याचा वेळ तेवढा वेगळा धरला, कारण तो लाल दिसला तर मालक चिडले असते. विणकर चिडेल का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी काढला नाही. मीही नाही.

तडजोड म्हणून मी सुचवलं की थांबलेला माग लगेच लाल करू नये. धागा जोडायला लागतो तेवढा वेळ सोडावा आणि त्यानंतरच तो कामगाराच्या नावावर रिकामा वेळ म्हणून लावावा. सगळ्यांना पटलं. मग किती वेळ? रितिका म्हणाली, तूच शोधून सांग.

मी शनिवारी अण्णाला फोन केला. तो शेडच्या बाहेर चिंचेखाली येऊन बोलायचा. मी विचारलं, "अण्णा, धागा तुटला की जोडायला किती वेळ लागतोय रं?"

"कशाला पायजे?"

"ऑफिसात पायजे. एक आकडा सांग."

तो म्हणाला, "चाळीस सेकंद."

मी ते खरं मानलं. विणकराच्या घरात वाढून मी ते खरं मानलं! वडगावात कुठल्याही विणकराला हा प्रश्न विचारून बघा. पाहुण्यानं विचारलं तर तो चाळीस सेकंद सांगेल, आणि बहिणीनं ऑफिसात सांगण्यासाठी विचारलं तर छाती काढून सांगेल. आपला हात मंद आहे असं कोणी विणकर कबूल करत नाही. रितिकाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. माझ्याशिवाय ते त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि मी विसरले. चाळीसाच्या दुपटीला दहा जोडून मी नव्वद केले आणि स्वतःला उदार समजले. कोडमध्ये त्या आकड्यापुढं शिस्तीत टीप लिहिली: तज्ज्ञाकडून खात्री केली आहे.

मग तीन दिवस आम्ही हिरव्या रंगावर वाद घातला. खूप गडद नको, डोळ्याला त्रास होतो. नावांच्या चौकटींचे कोपरे गोल असावेत, म्हणजे धाक वाटत नाही. गोल कोपऱ्यांसाठी मी जोरात भांडले आणि जिंकले. आमच्या धंद्यात माणसं कशासाठी भांडतात आणि कशासाठी गप्प बसतात, याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा.

आप्पांचं श्राद्ध होतं. मी गाडी घेऊन दोन दिवस आधी वडगावला आले. अण्णाचा फोन लागेना, म्हणून म्हटलं आदल्या दिवशी बोरगावला जाऊन त्यालाच घेऊन यावं. शेड शोधायला त्रास पडला नाही, आवाज रस्त्यावर येत होता. तो आवाज ऐकून माझं मन भरून आलं. मी दारात पोचले आणि समोर टीव्ही होता. माझा हिरवा रंग. माझे गोल कोपरे. वीस-पंचवीस नावं, सगळ्यात खालचं लाल, आणि ते नाव माझ्या भावाचं होतं.

मला आधी वाटलं प्रोग्रॅम चुकलाय. खरं सांगते, पहिला विचार तोच आला, कुठंतरी बेरीज चुकली असणार. आत बघितलं तर अण्णाचा एक माग बंद होता आणि अण्णा तिथं नव्हता. तो दोन ओळी सोडून दत्तूमामांच्या मागामागं वाकला होता. दत्तूमामा म्हणजे त्याच शेडमधले विणकर, अण्णा फोनवर त्यांच्याबद्दल बोलायचा; साठीचे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण काम सोडवत नाही. त्यांना बारीक धागा दिसत नाही. अण्णा त्यांचा धागा ओवून देत होता, जसा तो गल्लीत सगळ्यांना द्यायचा. बाकी कोणी मान वर करत नव्हतं. प्रत्येकजण आपल्या चार मागांपुढं उभा, आणि मधूनमधून एक नजर दाराकडं, टीव्हीवर.

अण्णानं मला बघितलं, हात पुसत आला आणि हसला. "बघितलीस व्हय? तुझंच हाय न्हवं ते? लई झाक केलीयास."

त्याला माहीत होतं. डबी बसवायला आलेल्या माणसानं कंपनीचं नाव सांगितलं त्याच दिवशी त्याला कळलं होतं. त्यानं शेडभर सांगितलं होतं की हे माझ्या बहिणीनं केलंय. दोन आठवड्यांनी त्याचं नाव तळाला गेलं, आणि मग तो त्याबद्दल काही बोलेनासा झाला. हे मला त्यानं नाही, दत्तूमामांनी सांगितलं, तो हातपाय धुवायला गेला तेव्हा. "बाई, तुमच्या भावाचं दोन माग काढून घेतलं. आता दोनच ऱ्हायलेत. पुढल्या म्हैन्यात बी तळाला ऱ्हायला तर कांड्या भराय बसवतो म्हणालाय मालक. मी त्याला लई सांगतोय, माझ्याकडं येऊ नगस. ऐकत न्हाय."

कांड्या भरायला. जे काम मी सात वर्षांची असताना भिंतीला टेकून करत होते.

अण्णाला गाडीत घेऊन निघाले. निपाणी मागं पडल्यावर मी विचारलं, "अण्णा, तू चाळीस सेकंद का सांगितलास रं?"

"मग काय सांगायचं व्हतं? तू हापिसात सगळ्यांपुढं माझं नाव घेणार. चांगलं सांगाय नगं?"

"खरं किती लागतंय?"

"कवा येक मिनिट, कवा पाच. कुठं तुटलाय त्येच्यावर हाय. फणीत तुटला तर येगळं, बीमाजवळ तुटला तर येगळं. मागं रेघ गेली असंल तर उसवायचं, त्येचा येळ येगळा."

"मग तसं का न्हाय सांगितलास?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तसं तू कुठं इचारलीस? तू येकच आकडा मागितलीस."

श्राद्धाच्या दिवशी आईनं पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला. सोप्यात जिथं माग होते तिथं फरशीवर आठ बोल्टांची भोकं आहेत. आईनं त्यात सिमेंट भरू दिलेलं नाही. मी तिथं बसून लॅपटॉप उघडला आणि आई ओरडली, "आज तरी मिटून ठेव की गं ते!" मी मिटलं नाही. कोडमधला तो नव्वदाचा आकडा शोधत होते.

ऑफिसात परत गेल्यावर मी रितिकाला सगळं सांगितलं. भाऊ आहे हे सांगितलं नाही, त्याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली याची आणखी लाज वाटली. ती ऐकून घेणारी बाई आहे, तिनं नीट ऐकलं. मग म्हणाली, आकडा आता हलवता येणार नाही. पन्नासेक शेडचे मालक गेल्या महिन्याशी या महिन्याची तुलना करतात. नव्वदाचे तीनशे केले तर सगळ्यांचे जुने आलेख खोटे ठरतील. माहितीपत्रकात तो आकडा छापलाय. ज्या माणसानं कधी सॉफ्टवेअर केलं नाही त्याला हे पटणार नाही, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. एखादा आकडा अंदाजानं एकदा आत टाकला की त्याच्यावर लोक भिंती बांधतात, आणि मग तो काढता येत नाही. आम्ही रोज दुसऱ्यांचे असले आकडे बघतो आणि लिहिणाऱ्याला मूर्ख म्हणतो.

"आणि दुसऱ्याला मदत करायला जाणारे किती असतील?" तिनं विचारलं. "ती एज केस आहे." एज केस म्हणजे क्वचित घडणारं, कडेचं, नंतर बघू असं. माझा भाऊ कडेला होता.

मी दोन रविवार बसून कारण नोंदवायची सोय लिहिली. मालकानं ती चालू केली तर धागा जोडायचा आणि हात द्यायला जायचा वेळ वेगळा दिसेल. ती घेतली त्यांनी, पण सुरुवातीला बंद ठेवायची, ज्याला हवी त्यानं चालू करावी, या अटीवर. सेटिंगच्या चौथ्या पानावर ती आहे. सहा महिन्यांनी मी बघितलं, एकाही मालकानं ती चालू केलेली नव्हती. डिझाइनवर मोठमोठी पुस्तकं आहेत, मी वाचली आहेत. मला आता एवढंच कळतं की माणसं जे आधीपासून चालू असतं तेच चालू ठेवतात, आणि काय चालू ठेवून द्यायचं हे ज्याच्या हातात असतं त्याला पुढं काही विचारावं लागत नाही.

अण्णाला मी म्हटलं, सोड ते काम, बेंगळुरूला ये, माझ्याकडं राहा. तो म्हणाला, "तिथं यून काय करू? तुझ्या सोफ्यावर बसू?" मी मालकाशी बोलते म्हटलं तर आवाज चढला त्याचा. "तसलं काय करू नगस. बहिणीनं सांगून माग दिला म्हणत्याल."

मग एका दुपारी त्यानं फोटो पाठवला. शेडचा टीव्ही, आणि त्याचं नाव वरून तिसरं, हिरवं. खाली लिहिलं होतं, "आता चार माग परत मिळाले." मला बोट उचलून चांगलं झालं असं लिहायला पाच मिनिटं लागली. माग कसे परत मिळाले ते मी ओळखलं होतं.

पुढच्या खेपेला तो आईसाठी त्या शेडमधलं पांढरं कापड घेऊन आला, उशांचे अभ्रे शिवायला. व्हिडिओ कॉलवर आईनं ते माझ्यापुढं धरलं आणि त्यावरून बोट फिरवलं. कापडात वरपासून खालपर्यंत एक रेघ होती, केसाएवढी. मग थोड्या अंतरावर दुसरी. अण्णा मागं भिंतीला टेकून चहा पीत होता. आई त्याच्याकडं वळून म्हणाली, "तुझ्या आप्पानं बघितलं असतं तर?"

"आप्पाचं घड्याळ येगळं व्हतं," तो म्हणाला आणि कप ठेवायला आत गेला.

कापडातली रेघ व्यापाऱ्याकडं महिन्यानं सापडते, आणि ती कुणाच्या मागावरची हे तेव्हा कोणाला सांगता येत नाही. टीव्हीवरचा लाल रंग ताबडतोब दिसतो. त्यामुळं सगळी शेड आता हिरवी असते. दत्तूमामा घरी बसले. त्यांच्याकडं जायचं अण्णानं थांबवल्यावर दोन आठवड्यांत त्यांचं नाव तळाला गेलं होतं. आमच्या सादरीकरणात त्या शेडचा आलेख दाखवतात, कार्यक्षमता कशी वाढली याचं उदाहरण म्हणून. मी त्या खोलीत बसलेली असते. कोणी टाळ्या वाजवल्या तर मीही वाजवते.

माझ्यासारखे पुष्कळजण बाहेर पडलेत, बेळगावातून, खानापुरातून, निपाणीतून. कोणी पुण्यात, कोणी अमेरिकेत. आपण भेटलो की घराची आठवण काढतो, खाण्यापिण्याच्या गप्पा मारतो, आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलून डोळे पुसतो. मला त्यात आता भाग घेता येत नाही. घर सोडून लांब गेले याचं दुःख मी बरीच वर्षं केलं. मी घरापर्यंत परत पोचले होते, मागाला बसवलेली नुसती डबी होऊन, आणि तिथं जाऊन मी काय केलं हे मला माहीत आहे. मागं राहिलेल्यांनी आम्हाला जाऊ दिलं ते आम्ही त्यांचं काहीतरी लक्षात ठेवू म्हणून. मी लक्षात ठेवलं नाही, एवढं मला त्यांना सांगायचंय.

शनिवारचा फोन मी अजून करते. दुपारी एकला. अण्णा उचलतो, "थांब हं" म्हणतो, आणि मागाचा आवाज बंद होतो. एकच माग, हाताजवळचा. बाकीचे तीन पाठीमागं चालू असतात, त्यांच्यावर त्याचं लक्ष असतं. आता तो चिंचेखाली येत नाही. मी कशी आहे विचारतो. मी बरी आहे म्हणते. आईचं औषध संपलंय, सांगतो. मी पाठवते म्हणते. त्यानंतर मला काहीतरी बोलायचं असतं, दर शनिवारी असतं, आणि मी शब्द जुळवत असतानाच तो म्हणतो, "सुजे, ठेवू का गं? लाल हुईल." आणि माग सुरू झाल्याचा आवाज येतो.

स्टेशनवरच्या खिडकीशी आप्पा काय सांगत होते ते मला आता नीट ऐकू येतं. दोन्ही माग बंद करून आलोय, म्हणाले होते ते. माझ्यासाठी किती वेळ थांबायचं हे त्यांनी मोजलं नव्हतं.

आता घर माझ्यासाठी आठवड्यातून एकदा नव्वद सेकंद थांबतं. तो आकडा मीच लिहिलाय.